फ्लॉरेन्स नाइटिंगेल व तिचें गणगोत

फ्लॉरेन्स नाइटिंगेल हें नांव ज्यानें ऐकलें नाहीं असा विद्यार्थी आमच्या शाळेंत क्वचितच सांपडेल. हातांत दिवा घेऊन रात्रीच्या वेळीं जखमी शिपायांच्या खाटांमधून फिरणारी ती शांत मूर्ति क्रमिक पुस्तकांतील चित्रामुळें सर्वांच्या परिचयाची झालेली आहे. परंतु त्या चित्रांत ती एकटी दिसते, आणि तेवढ्यापुरतें तें चित्र खरें नव्हे. मामा, मावश्या, आत्या, मामेभाऊ, मावसबहिणी यांचें एवढें मोठें जाळें तिच्याभोंवतीं पसरलेलें होतें कीं, तिच्या उमेदीचीं सोळा वर्षें त्यांतून बाहेर पडण्यांतच गेलीं. आणि बाहेर पडल्यावर जें कार्य तिनें उभें केलें, तेंहि पुष्कळ अंशीं त्याच नातलगांच्या मदतीनें केलें. म्हणून तिचें चरित्र आम्हीं दिव्यापासून न आरंभितां वंशवृक्षापासून आरंभावयाचें योजिलें आहे. वाचकांनीं एक कोरा कागद व पेन्सिल जवळ घेऊन बसावें हें बरें; कारण इंग्रज जमीनदार घराण्यांची वंशावळ लावणें हें आपल्याकडील वतनाच्या दाव्याइतकेंच गुंतागुंतीचें काम आहे.

पहिली अडचण आडनांवाचीच येते. फ्लॉरेन्सचे वडील जन्मानें नाइटिंगेल नव्हतेच. त्यांचें मूळ नांव विल्यम एडवर्ड शोर, जन्म सन १७९४. शोर हें शेफील्ड येथील पेढीवाल्यांचें घराणें. विल्यमच्या आईचें माहेर एव्हन्स, आणि त्या आईच्या आईचें माहेर नाइटिंगेल. डर्बीशायर परगण्यांत ली नांवाचें गांव आहे. तेथील पीटर नाइटिंगेल यांनीं शिशाच्या धंद्यावर व सुताच्या गिरणीवर चांगली माया जमविली होती. हे विल्यमच्या आईचे मामा. सन १८०३ मध्यें ते वारले, आणि त्यांच्या मृत्युपत्रान्वयें त्यांची इस्टेट या बहिणीच्या नातवाकडे आली. वयांत आल्यावर, म्हणजे सन १८१५ मध्यें, विल्यमनें शोर हें आडनांव टाकून नाइटिंगेल हें आडनांव धारण केलें. आपल्याकडे अशा प्रसंगीं दत्तक घेतात. इंग्लंडच्या कायद्यांत मात्र सन १९२६ पर्यंत दत्तकाची सोयच नव्हती. त्यामुळें घराण्याचें नांव चालविण्यास मृत्युपत्रें व आडनांवांची अदलाबदल हाच मार्ग लोक पत्करीत. वंशावळीचा अभ्यास करणाऱ्यास यामुळें मोठी खबरदारी घ्यावी लागते. आडनांव एक असलें म्हणजे रक्त एक असेलच असें नाहीं, आणि रक्त एक असून आडनांवें चार असूं शकतात.

या इस्टेटीस एक अट होती, ती वाचकांनीं कागदाच्या कोपऱ्यांत लिहून ठेवावी. विल्यमला मुलगा झाला तर इस्टेट त्या मुलाकडे जावयाची. न झाल्यास ती त्याच्या मुलींकडे न जातां त्याची बहीण मेरी शोर हिच्याकडे व तिच्यामागून तिच्या मुलाकडे जावयाची. या अटीनें पुढें काय केलें तें योग्य स्थळीं येईलच.

सन १८१८ मध्यें विल्यम नाइटिंगेल यांचें लग्न फ्रान्सेस स्मिथ हिच्याशीं झालें. वधू वरापेक्षां वयानें पांचसहा वर्षांनीं वडील होती. तिचे वडील विल्यम स्मिथ हे पार्लमेंटांतील नामांकित सभासद. गुलामांचा व्यापार बंद करण्याच्या चळवळीमध्यें ते विल्बरफोर्स यांचे सहकारी होते, आणि त्या चळवळीस सन १८०७ मध्यें यश आलें. स्मिथ घराणें युनिटेरियन पंथाचें. त्रैक्याचा सिद्धान्त न मानणाऱ्या या पंथाच्या लोकांवर त्या काळीं कायद्याचा रोष असे; तो दूर करणारा सन १८१३ चा कायदा याच विल्यम स्मिथ यांच्या खटपटीनें झाला. शोर घराणेंहि त्याच पंथाचें. ही गोष्ट आम्हीं मुद्दाम सांगत आहों, कारण या कुटुंबांतील लग्नें एकमेकांतच कां होत गेलीं याचें निम्में उत्तर तींत आहे. पंथ लहान, त्यांतून सुशिक्षित व सधन घरें थोडीं. मग सोयरीक जुळवावयाची ती कोठें? उरलेलें निम्में उत्तर अर्थात् इस्टेटीचें होय. पैसा घरांतल्या घरांत राहिलेला कोणास नको असतो?

लग्नानंतर हें दांपत्य दीर्घ प्रवासास निघालें. सन १८१९ मध्यें नेपल्स येथें थोरली मुलगी झाली; त्या शहराच्या प्राचीन ग्रीक नांवावरून तिचें नांव पार्थेनोपी ठेविलें. पुढील वर्षीं, १२ मे १८२० रोजीं, फ्लॉरेन्स शहरीं धाकटीचा जन्म झाला. पुढें मूल झालें नाहीं. मुलगा तर नाहींच नाहीं.

आतां कागदावर रेघा ओढण्यास आरंभ करावा. फ्रान्सेसचा धाकटा भाऊ सॅम्युएल स्मिथ, आणि विल्यम नाइटिंगेल यांची बहीण मेरी शोर, या दोघांचा विवाह सन १८२७ मध्यें झाला. म्हणजे आपल्या भाषेंत हें सरळ साटेंलोटें झालें. मेरीला घरांत सर्व जण माई म्हणत. ती फ्लॉरेन्सची आत्या होतीच. आतां ती मामीहि झाली. सन १८३१ मध्यें माईस मुलगा झाला, त्याचें नांव विल्यम शोर स्मिथ. अकरा वर्षांच्या फ्लॉरेन्सच्या मांडीवर हें तान्हें मूल देण्यांत आलें आणि तेव्हांपासून तिनें त्याला आपलाच मानला. तो तिचा आतेभाऊ व मामेभाऊहि होता. आणि जी इस्टेट कायदा तिला देणार नव्हता तिचा भावी वारसहि तोच होता. तिच्या मनांत त्याविषयीं कधीं आकस आल्याचें दिसत नाहीं.

इंग्रजी भाषेंत आतेभाऊ, मामेभाऊ, मावसभाऊ व चुलतभाऊ या सर्वांना मिळून कझिन हा एकच शब्द आहे, त्यामुळें इंग्रजी चरित्रें वाचतांना आपला फार घोंटाळा होतो. आपली भाषा या बाबतींत अधिक श्रीमंत आहे. म्हणून हा वंशवृक्ष मराठींत मांडला असतां तो इंग्रजीपेक्षां लवकर समजतो, असा आमचा अनुभव आहे.

विल्यम स्मिथ यांस दहा अपत्यें होतीं. त्यांपैकीं जोआना हिचें लग्न जॉन बॉनहॅम-कार्टर या पार्लमेंटच्या सभासदाशीं झालें, आणि अ‍ॅन हिचें वेव्हर्ली अ‍ॅबी येथील जॉर्ज निकल्सन यांच्याशीं. या दोन मावश्यांच्या घरीं मुलांमुलींचा मोठा मेळा असे. हिलरी बॉनहॅम-कार्टर ही चित्रकलेंत निपुण मावसबहीण फ्लॉरेन्सची जिवलग मैत्रीण. तिचा एक भाऊ जॉन यानें सन १८४८ मध्यें लॉरा निकल्सन हिच्याशीं लग्न केलें. म्हणजे मावसभावानें मावसबहिणीशीं! आमच्या वाचकांस हें चमत्कारिक वाटेल, कारण आपल्याकडे मामाच्या मुलीशीं लग्न अनेक जातींत रूढ असलें तरी मावसभावंडें हीं सख्ख्या भावंडांसारखींच मानतात. इंग्रजी कायदा असा भेद करीत नाहीं. याच निकल्सनांचा मुलगा हेन्री याचें मन फ्लॉरेन्सवर जडलें होतें. तिनें नकार दिला. त्याचा परिणाम असा झाला कीं, हेन्रीची बहीण मॅरियान, जिच्यावर फ्लॉरेन्सचा जीव होता, ती कायमची दुरावली. जेथें सोयरेधायरे सगळे एकच, तेथें एक नकार चार घरांना झोंबतो.

या वृक्षाची एक फांदी मात्र घरांतल्या मंडळींनीं कागदावर काढूंच दिली नव्हती. फ्रान्सेसचा थोरला भाऊ बेंजामिन स्मिथ यानें अ‍ॅन लाँगडेन नांवाच्या स्त्रीशीं विधिपूर्वक लग्न न करितां संसार केला. त्याला पांच मुलें झालीं. नाइटिंगेल, निकल्सन वगैरे घरांनीं त्या मुलांस आपल्यांत घेतलें नाहीं. या मुलांपैकीं बार्बरा हिनें पुढें विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या हक्कांसाठीं चळवळ केली व सन १८६९ मध्यें निघालेल्या गर्टन कॉलेजच्या संस्थापकांत तिची गणना होते. तिचा भाऊ बेंजामिन ली स्मिथ हा उत्तर ध्रुवप्रदेशाचा संशोधक म्हणून प्रसिद्ध पावला. मुलांचा यांत अपराध कोणता होता? कांहीं नाहीं. तरीहि फ्लॉरेन्स व बार्बरा या एकाच आजोबांच्या दोन कर्तबगार नाती एकमेकींपासून दूरच वाढल्या. हें आम्हांस त्या घराण्याचें मोठें वैगुण्य वाटतें.

असो. मुलींचें शिक्षण वडिलांनीं स्वतः केलें. ग्रीक, लॅटिन, इतिहास, तत्त्वज्ञान हे विषय फ्लॉरेन्स मन लावून शिकली. उन्हाळ्यांत डर्बीशायरमधील ली हर्स्ट येथें व एरव्हीं हँपशायरमधील एम्ब्ली पार्क या मोठ्या वाड्यांत हें कुटुंब राही. ७ फेब्रुवारी १८३७ रोजीं, सतरावें वर्ष चालू असतां, ईश्वरानें आपल्याला त्याच्या सेवेस बोलाविलें आहे असें तिला स्पष्टपणें जाणवलें. सेवा कोणती तें मात्र त्या दिवशीं कळलें नाहीं. तें कळावयास सातएक वर्षें लागलीं, आणि कळल्यावर करूं देण्यास घरच्यांनीं आणखी तितकींच लाविलीं.

या काळांतील तिचा दिनक्रम कोणास सुखाचा वाटेल. मेजवान्या, पाहुणे, गाडींतून फिरणें, मावशीकडे बाळंतपण असेल तर तेथें जाणें, आजी आजारी असेल तर तिच्या उशाशीं बसणें. एवढ्या मोठ्या गोतावळ्यांत कोठें ना कोठें कांहीं ना कांहीं निघेच, आणि अविवाहित मुलीचा वेळ हा सर्वांचा वेळ समजला जाई. तिला गणित शिकावयाचें होतें. आईस तें पसंत नव्हतें. तेव्हां माई आत्यानेंच सन १८४० मध्यें मध्यस्थी करून शिकवणीची खटपट केली. पुढें जगाला थक्क करणारे आंकडे जिनें मांडले तिच्या गणिताचें श्रेय थोडेंसें या आत्येस द्यावयास हवें. सन १८४५ मध्यें सॉल्झबरीच्या दवाखान्यांत कांहीं महिने राहून शुश्रूषा शिकण्याची परवानगी तिनें मागितली. घरांत हलकल्लोळ उडाला. त्या काळच्या इस्पितळांत घाण, दारू व अनाचार यांचें राज्य असे, आणि परिचारिकेचा धंदा मोलकरणीहून हलका समजत. त्यामुळें आईबापांची भीति अगदींच निराधार नव्हती हें कबूल केलें पाहिजे. सन १८४९ मध्यें रिचर्ड माँक्टन मिल्न्स या विद्वान् व सज्जन गृहस्थालाहि तिनें नकार दिला. त्याजवर तिचें प्रेम होतें. पण लग्न म्हणजे पुन्हां तेंच वाडा, पाहुणे व मेजवान्यांचें आयुष्य, हें तिनें ओळखलें होतें.

सन १८५१ मध्यें जर्मनींतील कैझरव्हेर्थ येथें पाद्री फ्लीडनर यांच्या सेविकाश्रमांत तिला तीन महिने शिकावयास मिळालें. पहांटे पांचला उठावें, साधें अन्न खावें, रुग्णांची सेवा करावी. यांतच तिला आयुष्यांत प्रथम समाधान लाभलें. शेवटीं सन १८५३ मध्यें लंडनच्या हार्ले स्ट्रीटवरील आजारी स्त्रियांच्या एका संस्थेची देखरेख तिनें पत्करली. वडिलांनीं सालीना ५०० पौंड तिच्या नांवें करून दिले. ज्यांना आपली इस्टेट मुलीस देतां येत नव्हती त्यांनीं निदान तिला स्वातंत्र्य तरी दिलें.

क्रिमियाच्या युद्धाची कथा मुलांस पाठ आहे, म्हणून ती आम्हीं थोडक्यांतच सांगतों. २१ ऑक्टोबर १८५४ रोजीं ३८ स्त्रियांना घेऊन ती लंडनहून निघाली. कॅलेपर्यंत पोंचवावयास आर्थर ह्यू क्लफ हा कवि गेला होता, ज्यानें त्याच वर्षीं माई आत्याची मुलगी ब्लँच हिच्याशीं लग्न केलें होतें. ४ नोव्हेंबरला ती मंडळी स्कूटारी येथें पोंचली. त्या हिंवाळ्यांत बराकींच्या इस्पितळांत माणसें जखमांपेक्षां पटकी, हगवण व तापानें अधिक मेलीं. केवळ तिच्या शुश्रूषेनें मृत्यु थांबले असा जो समज आहे तो बरोबर नाहीं. सन १८५५ च्या मार्चांत सरकारनें पाठविलेल्या आरोग्य-मंडळानें इस्पितळाखालचीं तुंबलेलीं गटारें साफ केलीं, हवा खेळती केली, आणि मग मृत्यूंची संख्या झपाट्यानें उतरली. ही गोष्ट तिनें स्वतःच आंकडे तपासून पुढें जगासमोर मांडली, आणि तिचा मोठेपणा आम्हांस दिव्यापेक्षां या प्रामाणिकपणांत अधिक दिसतो. सन १८५५ च्या अखेरीस माई आत्या स्कूटारीस जाऊन तिच्याजवळ राहिली. इकडे सॅम मामा तिचा पत्रव्यवहार व पैशाचे हिशेब सांभाळीत होते.

सन १८५६ मध्यें ती परतली ती प्रकृति गमावूनच. क्रिमियांत जडलेला ताप, बहुधा ज्याला आज ब्रुसेल्लोसिस म्हणतात तो, तिला वर्षानुवर्षें अंथरुणास खिळवून ठेवीत असे. आतां त्या जाळ्याचें दुसरें रूप पहावें. ज्या नातलगांनीं तिला बांधून ठेविलें होतें तेच आतां तिच्या कचेरीचे कारकून, चिटणीस व वकील झाले. आत्या तिच्या घरीं येऊन राहिली. कवि क्लफ आपली लेखणी बाजूस ठेवून तिचीं पत्रें पोंचवूं लागला, मुद्रितें तपासूं लागला, तिच्या निधीचा चिटणीस झाला. या निधींतील सुमारें ४५,००० पौंडांवर सन १८६० मध्यें सेंट टॉमस इस्पितळांत परिचारिकांची शाळा निघाली. सन १८६१ मध्यें क्लफ वारला, तेव्हां चिटणीसपद हेन्री बॉनहॅम-कार्टर या मावसभावाकडे गेलें आणि त्यानें तें अनेक दशकें सांभाळलें. दुरावलेल्या मॅरियान निकल्सनचा पति डग्लस गॅल्टन हा लष्करी इंजिनियर. युद्धखात्यांत त्याच्याच द्वारें तिचे विचार अंमलांत येत, आणि वुलिच येथील हर्बर्ट इस्पितळ त्यानें तिच्याच तत्त्वांवर बांधलें. याच डग्लसचा चुलतभाऊ फ्रान्सिस गॅल्टन. बुद्धिमत्ता घराण्यांतून कशी उतरते याचा शोध घेणारा त्याचा ग्रंथ सन १८६९ मध्यें निघाला. सन १८९१ मध्यें ऑक्सफर्डला सांख्यिकीचें अध्यापकपद निर्माण करण्याविषयीं फ्लॉरेन्सनें त्याच्याशीं पत्रव्यवहार केला, पण तो बेत तडीस गेला नाहीं.

नातलगांना वाकविण्यांत ती कठोर होती हें सांगितल्यावांचून हें चरित्र खरें होणार नाहीं. सन १८६० च्या सुमारास माई आत्या आपल्या नवऱ्याकडे व मुलांकडे परत गेली. साठीची बाई आपल्या संसाराकडे वळली यांत वावगें काय होतें? फ्लॉरेन्सनें तो विश्वासघात मानला आणि पुढें कित्येक वर्षें त्या आत्येशीं धड संबंध ठेविला नाहीं. स्वतः घरच्यांच्या मागण्यांखालीं जिचा जीव गुदमरला होता, तिला दुसऱ्याच्या घरची ओढ समजूं नये, हें विचित्र खरें.

हिंदुस्थानांत ती कधीं आली नाहीं. तरी सन १८६३ मध्यें प्रसिद्ध झालेल्या येथील लष्कराच्या आरोग्यविषयक रॉयल कमिशनच्या अहवालामागें तिचेच श्रम होते. येथील गोऱ्या पलटणींत दर हजारीं ६९ शिपाई दर सालीं मरत असल्याचें त्या अहवालानें उघड केलें. मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रीअर तिचे स्नेही होते. पुढें तिचें लक्ष लष्कराकडून रयतेकडे वळलें. खेड्यांतील पाणी व स्वच्छता यांविषयीं तिनें पुण्याच्या सार्वजनिक सभेशीं पत्रव्यवहार केला, आणि दयाराम गिडूमल यांनीं लिहिलेल्या बेहरामजी मलबारी यांच्या चरित्रास प्रस्तावना लिहिली.

इकडे थोरली बहीण पार्थेनोपी हिनें सन १८५८ मध्यें सर हॅरी व्हर्नी यांच्याशीं लग्न केलें. पुन्हां तेंच आडनांवाचें कोडें! हेहि जन्मानें व्हर्नी नव्हते. त्यांचें मूळ आडनांव कॅल्व्हर्ट. जुन्या व्हर्नी घराण्याचा पुरुषवंश खुंटल्यानंतर सन १८२७ मध्यें क्लेडन येथील इस्टेट त्यांच्याकडे आली आणि तिच्यासाठीं त्यांनीं तें नांव घेतलें. त्या वाड्यांत सतराव्या शतकांतील कौटुंबिक पत्रांचे ढीगच्या ढीग पडले होते. एजहिलच्या लढाईंत सन १६४२ मध्यें राजाचें निशाण हातीं धरून पडलेले सर एडमंड, आणि त्याच युद्धांत पार्लमेंटचा पक्ष घेतलेला त्यांचा मुलगा सर राल्फ, यांचीं तीं पत्रें. तरुणपणीं बहिणीच्या बेतांना अश्रूंनीं अडविणारी पार्थेनोपी म्हातारपणीं संधिवातानें जखडली असतां तीं पत्रें लावीत बसली आणि तिनें त्या परक्या घराण्याचा इतिहास रचिला. सन १८९२ मध्यें त्याचे पहिले दोन खंड निघाले. पण ते पाहावयास ती नव्हती. १२ मे १८९० रोजीं, बहिणीच्या सत्तराव्या वाढदिवशींच, ती वारली. उरलेलें काम तिच्या सावत्र मुलाची पत्नी मार्गारेट हिनें पुरें केलें. फ्लॉरेन्सचा उतारवयांतील पुष्कळसा काळ याच क्लेडनच्या वाड्यांत गेला. पुढें सन १९५६ मध्यें तो नॅशनल ट्रस्टच्या हवालीं झाला.

कोपऱ्यांत लिहिलेली ती अट आतां पाहावी. सन १८७४ च्या जानेवारींत वडील वारले आणि त्याबरोबर एम्ब्ली व ली हर्स्ट हीं दोन्हीं घरें माई आत्याकडे गेलीं. जिनें सबंध राज्याचीं इस्पितळें हालविलीं तिला आपल्या अंध झालेल्या आईस राहत्या घरांतून बाहेर काढण्याची व्यवस्था करावी लागली. आईच्या अखेरच्या वर्षांत सर्वांत अधिक काळजी कोणीं घेतली म्हणाल तर शोरनें; त्याच्याच आश्रयास राहून सन १८८० मध्यें ती वारली. त्याच सुमारास आत्या व भाची यांचा समेट झाला. सन १८८९ मध्यें माई गेली, इस्टेट शोरच्या हातीं आली, आणि त्यानेंहि आजोळच्या जुन्या रिवाजाप्रमाणें स्मिथ हें आडनांव टाकून नाइटिंगेल हें घेतलें. सन १८९४ मध्यें तो वारला, तेव्हां अकराव्या वर्षीं ज्याला मांडीवर घेतलें होतें त्याच्यासाठीं चौऱ्याहत्तराव्या वर्षीं रडण्याची पाळी तिच्यावर आली.

सन १९०७ मध्यें ऑर्डर ऑफ मेरिट हा मान तिला मिळाला. हा मान मिळालेली ती पहिली स्त्री. पण तोंवर दृष्टि गेली होती व स्मृतिहि मंदावली होती. १३ ऑगस्ट १९१० रोजीं, नव्वदाव्या वर्षीं, लंडनमधील आपल्या घरीं ती वारली. वेस्टमिन्स्टर अ‍ॅबींत दफन करण्याची सूचना सरकारकडून आली होती. तिच्या इच्छेस अनुसरून नातलगांनीं ती नाकारली. एम्ब्लीजवळील ईस्ट वेलो गांवच्या लहानशा चर्चच्या आवारांत आईवडिलांच्या शेजारीं, सहा सार्जंटांच्या खांद्यावरून नेऊन, तिला मूठमाती देण्यांत आली. कुटुंबाच्या त्या दगडी स्मारकावर तिच्या बाजूस एफ्. एन्. एवढीं आद्याक्षरें व जन्ममृत्यूचीं सालें कोरलेलीं आहेत.